धर्मशाळेच्या पंचसूना

आषाढ शुद्ध एकादशी हा चातुर्मासाचा उंबरठा होय. या दिवशी भगवान श्रीविष्णू क्षीरसागरी शयन करतात अशी आपली श्रद्धा आहे. आणि तेथून कार्तिकी प्रबोधिनीपर्यंतचे चार महिने गावोगावचे मठ, धर्मशाळा, देवस्थानांचे सभामंडप व धर्मादाय न्यासांची सभागृहे कथाकीर्तनांनी गजबजून जातात. पंढरीत तर या दिवसांत ओसरीवर पथारी पसरण्याइतकीही जागा उरत नाही. अशा वेळी त्या वास्तूंत उतरणाऱ्या, जेवणाऱ्या आणि निजणाऱ्या जिवांच्या सुरक्षिततेचा विचार करणे हे देवकार्याबाहेरचे आहे असे कोणी मानू नये. किंबहुना तो देवकार्याचाच पूर्वरंग आहे.

आपल्या शास्त्रकारांनी धर्मकृत्यांचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले. यज्ञयागादी कर्मे ही इष्ट. विहिरी, तलाव, देवालये, उपवने बांधणे व अन्नदान करणे हे पूर्त. धर्मशाळा ही पूर्तधर्माची संतती. श्रीसंत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी या क्षेत्री धर्मशाळा उभ्या केल्या आणि आयुष्यभर हातातला खराटा खाली ठेवला नाही. आधी गाव झाडावयाचे आणि मग कीर्तनास उभे राहावयाचे, हा त्यांचा क्रम होता. त्या क्रमातच आजच्या लेखाचे सार आले आहे.

आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. आपण ‘ट्रस्ट’ला ‘न्यास’ म्हणतो. संस्कृतात न्यास म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा विश्वस्तांना न्यासाच्या मालमत्तेविषयी उत्तरदायी धरतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ठेव केवळ दानपेटीतल्या द्रव्याची नसते. जी वृद्ध माउली आपली वळकटी घेऊन रात्री सभागृहात निजते, तिने आपला प्राण त्या न्यासापाशी ठेवलेला असतो. ती ठेव जशीच्या तशी परत करणे हे विश्वस्ताचे पहिले कर्तव्य.

स्मृतिकारांनी गृहस्थाच्या घरात पंचसूना सांगितल्या आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत जीवहिंसा घडते, म्हणून नित्य पंचमहायज्ञांचे विधान केले. सज्जनाच्या घरातही, चांगले काम चालू असतानाही हिंसा घडू शकते, हे त्या ऋषींनी किती सूक्ष्मपणे ओळखले होते! धर्मशाळा हे तर शेकडो जणांचे घर. तिच्या पंचसूना तितक्याच पटींनी मोठ्या.

पहिली चूल. आज लाकडाच्या जागी गॅसचे सिलिंडर आले. हा वायू हवेहून जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. म्हणून तळघरात वा कोंडलेल्या खोलीत पाकशाळा नसावी, सिलिंडर उभे व हवेशीर जागी ठेवावेत, आणि जिन्याखाली तर कदापि ठेवू नयेत, कारण संकटकाळी तोच सुटकेचा मार्ग असतो. कढईतील तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी ओतू नये. ज्योत बंद करून झाकण घालावे. विजेचे सामर्थ्यही अग्नीचेच. उत्सवासाठी घाईने ओढलेल्या तारा, उघडे जोड, ओल्या फरशीवरून नेलेली वायर आणि एकाच खुंटीवर लादलेले दिवे, पंखे, ध्वनिक्षेपक ही अपघाताला दिलेली अक्षतच होय. परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासणी करून घ्यावी आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण मुख्य फळीवर बसवून घ्यावे.

दुसरे जाते. उपवासाचे दिवस म्हणजे भगरीचे दिवस. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात हरिनाम सप्ताहात एकादशीचा फराळ घेतलेल्या शेकडो भाविकांना विषबाधा झाली आणि उघड्यावर दोऱ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगून उपचार करावे लागले. भगरीला ओल लागली की बुरशी धरते. बुरशीपासून निर्माण होणारे विष शिजविल्यानेही पूर्णतः नष्ट होत नाही. म्हणून भगर स्वच्छ, कोरडी व बांधीव घ्यावी, निवडून धुवावी, आणि तिचे पीठ फार दिवस साठवू नये, कारण पिठाला ओल लवकर लागते. शिजलेले अन्न तासन्‌तास कोमट राहू देऊ नये. ते कढत असताना वाढावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशीच्या पंगतीस काढू नये. प्रसाद मंत्राने पवित्र होतो हे खरे. परंतु नासलेले अन्न मंत्राने ताजे होते असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

तिसरी केरसुणी. शौच हा योगशास्त्रातील पाच नियमांमध्ये पहिला. गाभारा आरशासारखा लखलखीत आणि मागील शौचकूप मात्र नाक दाबून जावे असे, हे दृश्य आपल्या क्षेत्री दुर्मीळ नाही. जेथे शौचकूपाशी पाणी, साबण व दिवा नाही, तेथे पाकशाळेतील सोवळे व्यर्थ होय. अंधारात पाय घसरून वृद्धांची हाडे मोडतात. निसरडी पायरी आणि कठड्यावाचूनचा जिना हाही केरच समजावा.

चौथा पाण्याचा घडा. एकोणिसाव्या शतकात पटकीची साथ यात्रेबरोबर येई आणि यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरे. तो काळ मागे पडला, तो शुद्ध पाण्यामुळे आणि लसीकरणामुळे. ती दक्षता सैल झाली तर रोग पुन्हा दार ठोठावील. टाकी यात्रेपूर्वी रिकामी करून घासावी, तिचे झाकण घट्ट असावे, पाण्यात जंतुनाशक योग्य प्रमाणात मिसळल्यावर किमान अर्धा तास ते वापरू नये, आणि पिंपात पेला बुडविण्याऐवजी तोटी बसवावी.

पाचवे उखळ. उखळात दाणे कोंडून कांडतात. दाराशी कोंडलेल्या गर्दीची गत तीच होते. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका विवाहसभागृहात शाळेचा समारंभ चालू असताना मंडपास आग लागली. छत कृत्रिम धाग्याच्या कापडाचे, बाहेर पडण्याची वाट अपुरी. चारशेहून अधिक जीव गेले आणि त्यांत लेकरेच बहुसंख्य होती. २३ जानेवारी २००४ रोजी शेषशायी रंगनाथाच्या श्रीरंगम क्षेत्री विवाहमंडपाचे झावळ्यांचे छत पेटले आणि नवरदेवासह पन्नासाहून अधिक माणसे मंगल मुहूर्तावर मृत्युमुखी पडली. आणि आपल्याच मांढरदेवी येथे २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या यात्रेत, अरुंद वाट, चेंगराचेंगरी व दुकानांस लागलेली आग यांत सुमारे तीनशे भाविकांनी प्राण गमावले. या तिन्ही ठिकाणी माणसे शुभकार्यासाठीच जमली होती. कार्य शुभ असल्याने अग्नी शांत झाला नाही आणि दार रुंद झाले नाही.

म्हणून सभागृहास परस्परांपासून दूर अशी किमान दोन दारे हवीत. ती बाहेरच्या बाजूस उघडणारी असावीत, कारण गर्दीच्या रेट्यापुढे आत उघडणारे दार उघडता येत नाही. दारापुढे चपलांचे ढीग, शिधा, वा देणगीचे मेज नसावे. कार्यक्रम चालू असताना कुलूप तर नकोच. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ज्या इमारतींना ही व्यवस्था बंधनकारक आहे, त्यांनी ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करावयाचे असते. त्यांतील जुलै महिना बहुधा आषाढीचाच असतो, हा योग विश्वस्तांनी साधावा.

येथे एक खरी अडचण उभी राहते. अतिथी देवासमान, मग पावसात भिजत आलेल्या वारकऱ्यास ‘जागा नाही’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? प्रश्न सोपा नाही, आणि तो विचारणाऱ्याचे अंतःकरण मी वंदनीय मानतो. परंतु दोनशेंच्या जागेत पाचशे घेणे म्हणजे नव्या तीनशेंना आश्रय देणे नव्हे; आधीच्या दोनशेंचाही आश्रय काढून घेणे होय. आतिथ्याचा अर्थ दार उघडण्यापुरता नाही, आत आलेल्याच्या रक्षणापर्यंत तो जातो. यास्तव सभागृहाची क्षमता दारावर ठळक लिहावी, शेजारच्या मठांशी आधीच बोलून ठेवावे, आणि जागा भरताच स्वयंसेवकाने यात्रेकरूस हात जोडून, पण सोबत चालत, पुढच्या निवाऱ्यापर्यंत पोहोचवावे. नकार आणि निष्ठुरता या एकच गोष्टी नव्हेत.

दात्यांनाही एक विनंती. कळसासाठी, चांदीच्या मखरासाठी देणग्या सहज मिळतात. दुसऱ्या दारासाठी, कठड्यासाठी, अग्निशामक नळकांड्यासाठी कोणी पावती फाडीत नाही, कारण त्यावर नाव कोरता येत नाही. गुप्तदानाचे पुण्य अधिक, हे आपण सारे मानतोच. ते मिळविण्याची ही उत्तम संधी आहे.

आणि आम्हां कीर्तनकारांविषयी. श्रोत्यांची दाटी पाहून कोणत्या कीर्तनकारास उल्हास होत नाही? परंतु ज्याचा शब्द सभा ऐकते, त्याच्यावर त्या सभेचा भारही असतो. नमनापूर्वी दोन वाक्यांत दारे कोठे आहेत ते सांगावे. वाट अडली असेल तर ती मोकळी होईपर्यंत टाळ थांबवावा. अग्निशमन दलाचा १०१ व रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावेत.

‘देव तारील’ असे म्हणून हे सारे टाळणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, प्रारब्धाची भाषा आपल्या दुःखाविषयी बोलावी. दुसऱ्याच्या जिवाविषयी बोलताना कर्तव्याचीच भाषा शोभते. एकादशीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक विश्वस्ताने हाती कंदील घेतल्याप्रमाणे आपल्या वास्तूत एकदा फिरावे: चुलीपाशी, कोठीत, शौचकूपाकडे, टाकीवर आणि प्रत्येक दारापाशी. चार महिने देव निजणार आहेत. त्यांच्या घरी निजलेल्यांसाठी कोणीतरी जागे असले पाहिजे.