प्रत्येक दम हा तमकश्वास नव्हे

पेण-रोह्याकडे दम लागलेला रुग्ण बहुधा तमकश्वासाचाच ठरविला जातो, हे योग्य नव्हे. छातीत घुरघुर नाही, पायांवर सूज आहे, चढ चढताना भोवळ येते. अशा वेळी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांची विकृती असू शकते. टेक्नेशियम-९९एम जोडलेले अल्ब्युमिनचे कण शिरेतून दिल्यास रक्त कोठे अडले ते स्कॅनमध्ये दिसते. ॲड्रिनोमेड्युलिनसदृश पेप्टाइडला तेच किरणोत्सारी द्रव्य जोडून केशवाहिन्यांचा अंतःस्तर पाहण्याचे प्रयोग मॉन्ट्रियलला झाले. ते तूर्त दूरचे. परळला अणुवैद्यकाचे केंद्र मात्र १९६३ पासून आहे. जुन्या गुठळ्या आढळल्यास कित्येकदा शस्त्रक्रियेने काढता येतात. म्हणून टू-डी इको विनाविलंब करवावा. औषधविक्रेत्या बंधूंनीही वत्सनाभयुक्त श्वासकुठाराची दुसरी डबी देण्यापूर्वी रुग्णाचे पाय पाहावेत.