जतनाचे ज्ञान कोणाचे?

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या जतनासाठी हैदराबाद संस्थानाने इटलीहून तज्ज्ञ पाचारण केले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी रंगांच्या रक्षणासाठी चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. हेतू प्रामाणिक होता. परंतु रोगण पिवळे पडले, त्यावर धूळ बसली आणि ते उतरविण्याचे काम पुरातत्त्व खात्यास पुढे अनेक दशके करावे लागले.

ज्ञान ही वाटल्याने न घटणारी संपत्ती आहे. दडविलेल्या अपयशाची किंमत मात्र प्रत्येक संग्रहालयास नव्याने मोजावी लागते. लखनौ येथे १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत संरक्षणाचे प्रशिक्षण मिळते. मात्र कोकणच्या दमट हवेतील पोथीचा प्रश्न मराठवाड्यातील लेण्यांहून निराळा. म्हणूनच एकाच प्रदेशात काम करणाऱ्या संरक्षकांनी नियमित एकत्र यावे आणि फसलेले प्रयोगही परस्परांपुढे मांडावेत. आपली कृती गुप्त ठेवण्यात एखाद्यास व्यावसायिक लाभ दिसेल. पण ठेवा समाजाचा आहे. सरकारने अशा मेळाव्यांचा खर्च उचलावा आणि जतनासाठी अनुदान देताना कामाची संपूर्ण नोंद खुली करण्याची अट घालावी. रोगण चढविण्यास दोन वर्षे पुरली. ते उतरविण्यात पिढ्या गेल्या.