प्रकाशाची वाटणी आणि शेवटचे गाव

पावसाळा सुरू झाला की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आपल्या व्यवसायबंधूंकडे जी एक तक्रार हटकून येते, ती म्हणजे मार्गावरील अगदी शेवटच्या गावात ग्राहकाच्या ओएनटीवर लागलेल्या लाल दिव्याची. फायबर कोठे तुटलेली नसते, ओएलटीचा लेझर शाबूत असतो, त्याच फायबरवरील पहिल्या गावात इंटरनेट बिनतक्रार चालू असते, आणि तरीही शेवटच्या पाड्यावरचा ग्राहक चार-चार दिवस खोळंबून राहतो. याचा दोष पावसाच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी आमचे स्पष्ट मत असे आहे की या दुखण्याचे मूळ बहुतांशी, ज्या दिवशी त्या मार्गावरच्या खांबावर पहिला स्प्लिटर चढला, त्या दिवशीच्या बेहिशोबी वाटणीत असते.

स्प्लिटर, म्हणजे प्रकाशविभाजक, हे साधन मुळात प्रयोगशाळेतले. ४५ अंशांत तिरकी धरलेली आणि एका अंगाला अत्यंत पातळ लेप दिलेली काच आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही अंश आरपार सोडते आणि काही अंश काटकोनात परतवते. अशाच एका काचेच्या आधारे अल्बर्ट मायकेलसन यांनी १८८१ साली पॉट्सडॅम येथे आपला सुप्रसिद्ध प्रयोग मांडला. काचेच्या मागील पृष्ठभागावरून उमटणारे दुय्यम प्रतिबिंब टाळण्यासाठी दोन काटकोनी लोलक कर्णाच्या बाजूने चिकटवून घन विभाजक करण्यात आला, तर काही मायक्रॉन जाडीच्या ताणलेल्या पडद्याने ते प्रतिबिंब जवळपास नाहीसे केले, मात्र तो पडदा साध्या आवाजानेही थरथरतो. प्रकाशाच्या कंपनाची दिशा पाहून वाटणी करणारे ध्रुवण-विभाजक निराळे आणि तरंगलांबी पाहून वाटणी करणारे निराळे. या शेवटच्या जातीशी आपला रोजचाच परिचय आहे: एकाच फायबरवर १५५० नॅनोमीटरची दूरचित्रवाणी आणि १४९० नॅनोमीटरचे इंटरनेट एकत्र नेऊन ग्राहकाच्या दारी वेगळे करणारा डब्ल्यूडीएम फिल्टर हा त्याच कुळातला आहे.

फायबरमधील विभाजक मात्र आरशाने चालत नाही. जोडवितळीच्या, म्हणजे एफबीटी पद्धतीच्या, कपलरची घडण कारखान्यात अशी होते: दोन फायबरवरील रंगीत आवरण काही सेंटिमीटर सोलून त्या एकमेकींना बिलगवतात, बारीक ज्योतीवर तापवतात आणि दोन्ही टोकांकडून अतिशय सावकाश ओढतात. ओढताना दोन्ही गाभे इतके निमुळते होतात की एकीतला प्रकाश गाभ्यात मावेनासा होऊन बाहेर पसरतो आणि दुसरीत उतरू लागतो. ओढ आणखी लांबली तर तोच प्रकाश पुन्हा पहिलीत परततो. कारागीर एका टोकातून लेझर सोडून पलीकडच्या दोन टोकांवर मीटर लावून बसलेला असतो, आणि हवे ते प्रमाण, मग ते ५०:५० असो वा ९०:१०, मीटरवर दिसताच ओढणे थांबवतो. प्रमाण असे ओढीच्या लांबीवर ठरत असल्यामुळे ते तरंगलांबीप्रमाणे बदलते, आणि म्हणूनच १५५० साठी घडवलेला स्वस्त कपलर १४९० वर निराळी वाटणी देतो, ही गोष्ट खरेदीच्या वेळी आपल्यापैकी फार थोडे जण विचारात घेतात. दुसरी पद्धत पीएलसीची. तीत काचेच्या चकतीवर प्रकाशमार्ग कोरून त्यास एकाचे दोन, दोनाचे चार असे फाटे पाडलेले असतात. वाटणी सर्वत्र समान आणि १२६० ते १६५० नॅनोमीटरपर्यंत जवळपास एकसारखी. वस्तीतल्या शेवटच्या वाटपासाठी पीएलसी आणि मार्गावरील असमान वाटपासाठी उत्तम प्रतीचा एफबीटी, हा विवेक ज्याने राखला त्याचे निम्मे काम झाले.

आपल्या भागात असमान वाटपाचे महत्त्व विशेष आहे, कारण येथील वस्त्या नकाशावर चौफेर पसरलेल्या नसून रस्त्याच्या धाग्यात ओवल्याप्रमाणे आहेत. कर्जतहून कडाव, कशेळेमार्गे खांडसच्या बाजूस जाणाऱ्या मार्गावर पाच गावांना जोडणी द्यावयाची आहे असे धरू. सवयीने आपण चार गावांत चार ५०:५० कपलर बसवतो. परिणाम असा की पहिल्या गावास निम्मा प्रकाश, दुसऱ्यास चतुर्थांश, तिसऱ्यास अष्टमांश, आणि चौथ्या-पाचव्याच्या वाट्यास सोळावा हिस्सा. ओएलटीतून ३ डीबीएम निघाले, प्रत्येक कपलरने साडेतीन, गावातल्या एकास आठ स्प्लिटरने साडेदहा, आणि बारा किलोमीटर फायबरने व सांध्यांनी मिळून साडेचार डीबी खाल्ले, तर पाचव्या गावी उणे २६ उरतात. नेहमीच्या बी-प्लस वर्गाच्या ओएनटीची मर्यादा उणे २७ असते. पहिल्या गावी त्याच वेळी उणे १३ च्या आसपास उधळण चाललेली असते. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या राजनाल्याचे दार ज्याने पाहिले आहे, त्याला मुखाशी मोजमाप न ठेवल्यास शेपटाकडच्या शेताचे काय होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अशा स्थितीत एखाद्या खांबावर फायबरला पडलेला किंचित बाक किंवा सांध्यात शिरलेला ओलावा एवढे निमित्त शेवटच्या गावी लाल दिवा लावण्यास पुरते.

तोच मार्ग हिशोबाने बांधावयाचा तर पहिल्या गावी २०:८०, दुसऱ्या गावी २५:७५, तिसऱ्या गावी ३५:६५ आणि चौथ्या गावी ५०:५० असे कपलर घालावेत. पहिल्याने पाचवा हिस्सा घेतला, उरलेल्या चारांतला एक दुसऱ्याने, उरलेल्या तिनांतला सुमारे एक तिसऱ्याने, आणि राहिलेले दोन चौथ्या-पाचव्याने वाटून घेतले. प्रत्येक गावाच्या वाट्यास जवळपास समान हिस्सा आला. आता पहिल्या गावी उणे १७ आणि पाचव्या गावी उणे २१ च्या आतबाहेर मोजमाप येते, म्हणजे मर्यादेपासून सुमारे सहा डीबीचे अंतर हाती राहते, आणि हेच अंतर पावसाचे चार महिने निभावून नेते. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागते ती कागदावर आधी केलेली बेरीज. अर्थात कपलरच्या कोणत्या पायातून २० आणि कोणत्यातून ८० निघतात, हे नळीच्या रंगावरून न ठरवता पॉवर मीटरवरूनच ठरवावे, कारण रंगांचा संकेत प्रत्येक कारखान्याचा निराळा आहे.

विभाजकाचा आणखी एक धर्म असा की तो दोन्ही दिशांना सारखाच कठोर असतो. ग्राहकाकडून १३१० नॅनोमीटरवर परत येणारा प्रकाश एकास आठ स्प्लिटरमधून उलट जाताना एकत्र होतो म्हणून वाचतो, असा समज आपल्यात दृढ आहे; वस्तुतः परतीच्या वाटेवरही तेवढाच नाश होतो, कारण दोन वाटा जेथे मिळतात तेथे एकाच वाटेने आलेल्या प्रकाशाचा अर्धा भाग पुढच्या फायबरमध्ये आणि अर्धा भाग विभाजकाच्या वापरात नसलेल्या चौथ्या मुखाकडे जातो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेत, जिच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून परतलेला लेझर प्रकाश विभाजकावर पुन्हा भेटणार आहे, आणि तेथे हेच चौथे मुख मुद्दाम जवळपास अंधारे राखून गुरुत्वलहरींचा वेध त्याच मुखाशी घेतला जाणार आहे. आपल्या डब्यात मात्र ते मुख बहुधा वाया जाते.

ते वाया न घालवण्याचा मार्ग म्हणजे एकास आठऐवजी दोनास आठ स्प्लिटर घेणे. त्याचा लॉस जवळपास तेवढाच असतो, आणि दुसऱ्या मुखात निराळ्या वाटेने आणलेली राखीव फायबर लावता येते. कर्जत आणि खोपोली यांमध्ये रेल्वेमार्गाने सुमारे १५ किलोमीटरचेच अंतर आहे. मधल्या गावांना एक फायबर कर्जतकडून आणि दुसरी खोपोलीकडून दिली, तर कोठे दरड आली किंवा जेसीबीने एक फायबर तोडली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू करता येते. दोन्ही तालुक्यांतील व्यावसायिकांनी परस्परांच्या हद्दीचा जुना वाद बाजूस ठेवून ही राखीव फायबर भागीदारीत टाकावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. भारतनेटची ग्रामपंचायतींपर्यंतची सुरुवातीची जोडणीही अशाच निष्क्रिय विभाजकांवर बेतलेली असल्याने, त्या कामावरील आपल्या सहकाऱ्यांनाही हा हिशोब उपयोगी पडेल.

वाचकांना विनंती एवढीच की मे महिना संपण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या मार्गावरील हरएक कपलरचे प्रमाण आणि प्रत्येक गावचे १४९० वरील मोजमाप नोंदवहीत रुजू करावे, मोकळ्या मुखांना टोपणे बसवावीत, हिरवा कनेक्टर निळ्याशी जोडलेला आढळल्यास तो त्याच दिवशी बदलावा, आणि ज्या गावी उणे २४ पेक्षा कमी प्रकाश पोचतो त्या गावाची वाटणी पावसाआधी नव्याने करावी.