खाणीतील वायू आणि सरकारी हिशेब

कोळशाच्या खाणीस परवानगी देण्यापूर्वी तिच्यापासून हवा, पाणी, जमीन व वस्ती यांस काय उपद्रव पोहोचेल याची आगाऊ चौकशी व्हावी, असा दंडक आपल्याकडे आहे. 2006 सालच्या सप्टेंबरातील अधिसूचनेने या चौकशीची, तिच्या अहवालाची व त्यावरील जनसुनावणीची रीत लावून दिली. त्या रीतीत उणिवा पुष्कळ आहेत आणि त्यांवर लिहिणारेही पुष्कळ आहेत. आम्हांस आज एकाच उणिवेविषयी बोलावयाचे आहे. कारण ती अज्ञानातून आलेली नाही.

कोळशाच्या थरांत मिथेन वायू कोंडलेला असतो व थर फोडताच तो सुटतो. त्यास रंग नाही, वास नाही. हवेत शेकडा 5 ते 15 या प्रमाणात तो मिसळला की एका ठिणगीने स्फोट होतो. 1965 साली धोरी येथे वायू व कोळशाची धूळ यांच्या स्फोटात अडीचशेंहून अधिक कामगार प्राणांस मुकले. हंफ्री डेव्हीने 1815 साली आपला रक्षक दिवा याच भयापोटी तयार केला. आपल्या कायद्यानेही या शत्रूची दखल चोख घेतली आहे. भूमिगत खाणीतून परत येणाऱ्या हवेत त्याचे प्रमाण शेकडा 0.75 पेक्षा जास्त असता कामा नये. कोठेही ते 1.25 वर गेले तर माणसे बाहेर काढावी लागतात. खाणीतला सरदार मापकयंत्र घेऊन पाळीगणिक फिरतो. एक टन कोळशामागे किती घनमीटर वायू सुटतो यावरून थरांचे तीन वर्ग पाडलेले आहेत: 1 घनमीटरपर्यंत पहिला, 10 पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. हा बंदोबस्त उत्तम आहे, त्याविषयी आमची तक्रार मुळीच नाही.

आमची तक्रार पुढेच सुरू होते. हा मोजलेला, वर्गवारी केलेला वायू मोठ्या पंख्याने खाणीच्या तोंडातून बाहेर सोडला जातो, आणि तेथे हिशेब संपतो! हवेच्या शुद्धतेची राष्ट्रीय मानके 2009 साली ठरली. त्यांत बारा पदार्थ आहेत. मिथेन त्यांत नाही. धूळ मोजावी, गंधकाचा व नत्राचा वायू मोजावा, शिसे मोजावे. मिथेनाने मात्र खुशाल आकाशात जावे. जमिनीखाली ज्याच्यासाठी शंभर पहारे, तोच जमिनीवर आला की बेवारशी. वस्तुतः तो तेथेही निरुपद्रवी नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बवायूच्या सुमारे 28 पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने 80 पटींहून अधिक उष्णता पृथ्वीवर कोंडून धरतो.

यावर कोणी म्हणेल, वर्धा खोऱ्यातील कोळसा बहुतांशी पहिल्या वर्गातला. त्याच्या चिमूटभर वायूचा एवढा बाऊ कशाला? आपण साधी त्रैराशिके मांडू. वर्षास 10 लाख टन कोळसा काढणारी खाण घ्या आणि टनामागे 1 घनमीटर, म्हणजे पहिल्या वर्गाची कमाल मर्यादा, धरा. 10 लाख घनमीटर वायूचे वजन सुमारे 700 टन भरते. वीस वर्षांच्या हिशेबाने हे 56 हजार टन कर्बवायूच्या बरोबरीचे झाले. ही एका बेताच्या खाणीची गोष्ट. नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सने 2023-24 साली सहा कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. त्यातला पुष्कळसा उघड्या खाणींचा, जेथे पंखाही नाही व पहाराही नाही. आमचा आकडा कोणास चुकीचा वाटत असेल तर त्याने खरा आकडा अहवालात छापावा. आम्ही मागतो आहो तो तेवढाच.

दुसरा आक्षेप आमच्या अधिकारावर. नगर जिल्हा, आता अहिल्यानगर, सारा काळ्या फत्तराचा; येथे कोळशाची खाण एकही नाही. राजूर म्हटले की आमच्या लोकांस अकोल्यातले राजूर आठवते, वणीजवळचे खाणीचे राजूर नव्हे. मग या उठाठेवीचे आम्हांस कारण काय? कारण हे की चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशाची वीज ज्या जाळ्यात जाते, त्याच जाळ्यावर आमच्या विहिरींवरच्या मोटारी चालतात; आणि पाऊस हुकला की आधी कोरडा पडतो तो आमचाच पर्जन्यछायेतला मुलूख. सोलापूर व नगर या जिल्ह्यांत ज्याच्यासाठी अभयारण्य राखले, त्या माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या मार्चमध्ये सांगितले की, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा नागरिकांचा घटनादत्त हक्क आहे. हक्क मिळाला; पण हानी मोजलीच नाही तर तो बजावायचा कोणत्या कागदावर?

अशी हानी पैशांत मोजता येत नाही, हा तिसरा बहाणा. तो अमेरिकेत करून झाला आहे. कोलोराडोतील वेस्ट एल्क ही खाण गनिसन राष्ट्रीय अरण्याखाली, म्हणजे सार्वजनिक जमिनीत आहे. तेथे मिथेन बाहेर सोडण्यासाठी अरण्यात विहिरी पाडतात. सरकारी खात्यांनी पहिल्या मसुद्यात या प्रदूषणाची किंमत मांडली व अंतिम अहवालातून ती गाळली. खाणीचे आर्थिक लाभ मात्र आकड्यांनिशी ठेवले. 2014 सालच्या जूनमध्ये न्यायालयाने हा प्रकार मनमानी ठरविला.

आणखी एक गोष्ट, जी इंग्रजीच्या आधारे पोट भरणाऱ्या आम्हीच सांगितलेली बरी. मूल्यमापनाचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो. लोकभाषेत येतो तो केवळ सारांश. वणीच्या शेतकऱ्याने जनसुनावणीत काय विचारावे हे त्या चार पानांवरून ठरते. 2020 साली दिल्ली उच्च न्यायालयाने नव्या अधिसूचनेचा मसुदा बावीस भाषांत करा म्हणून सांगितले, तेव्हा सरकार ते मानण्याऐवजी वरच्या न्यायालयात गेले.

आमच्या तालुक्यातील हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पडलेला पाऊस मोजते, त्यातले पिण्यास किती व शेतीस किती याचा ताळेबंद गावापुढे मांडते, आणि त्यावरून पिके ठरविते. उसाला तेथे मज्जाव आहे. ही माणसे काही खाणशास्त्राची पदवीधर नाहीत. सरकारजवळ तर यंत्रे आहेत, सरदार आहेत, वर्गवारीचे तक्ते आहेत. झरियातील मुनीडीह खाणीत हा वायू काढून त्यावर वीज करण्याचा प्रयोगही झालेला आहे. तेव्हा प्रत्येक नव्या व वाढीव खाणीच्या मराठी सारांशात पहिल्याच पानावर वर्षाकाठी किती टन मिथेन सुटेल, त्यातील किती पकडला जाईल आणि उरलेला का पकडला जात नाही, हे तीन आकडी-अक्षरी खुलासे असावेत. आणि ते नसतील तर जिल्हाधिकाऱ्यांनी सुनावणी त्याच दिवशी तहकूब करावी.