बंगळूरचे मराठी माजघर

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या भाषेविषयी गेल्या काही दशकांत पुष्कळ लिहिले गेले आहे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्याची अधिवेशने भरतात, तेथील मुलांसाठी मराठी शाळा चालतात, आणि या साऱ्याची दखल महाराष्ट्रातील नियतकालिके कौतुकाने घेतात. पुण्याहून संध्याकाळी निघालेली बस दुसऱ्या दिवशी जिथे पोचते त्या बंगळूरमधील मराठी घराविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. हा काही परदेश नव्हे, अशी समजूत त्यामागे असावी. येथे पारपत्र लागत नाही, नाणे बदलत नाही, आणि पंचांगही तेच राहते. गुढीपाडव्याच्या दिवशीच शेजारी युगादी असते व दोन्ही घरांत मुलांच्या तोंडी कडुनिंब आणि गूळच पडतो. परंतु मूल वाढवण्याच्या दृष्टीने पाहिले तर शिकागोतील मराठी आईपुढे जे प्रश्न असतात तेच व्हाइटफील्डमधील आईपुढे असतात. भेद एवढाच की शिकागोतील आईला आपण परमुलखात आहोत याची जाणीव असते व त्यामुळे ती काही यत्न करते. बंगळूरमधील घर दोन-तीन वर्षांच्या बदलीवर आल्यासारखे राहते, आणि बघता बघता वीस वर्षे उलटतात.

या घरातील चिंता अगदी रोजच्या आहेत. शाळेच्या प्रवेशपत्रिकेत ‘मातृभाषा’ या रकान्यात वडील निःशंकपणे ‘मराठी’ लिहितात आणि पुढच्याच रकान्यात दुसरी भाषा कोणती, यावर पतिपत्नींचा दोन दिवस वाद होतो. हिंदी घेतली तर पुढे बदली झाल्यास अडचण नाही; संस्कृत घेतले तर गुण चांगले पडतात; कन्नडचा विचार सर्वांत शेवटी होतो, आणि झालाच तर कायद्याची सक्ती म्हणून होतो. मूल सांभाळणारी बाई कन्नड किंवा तमिळ बोलते, खेळाच्या मैदानावर इंग्रजी चालते, आणि आजी वर्षातून दोन महिने येते. ती परत गेल्यावर तिच्याशी दूरध्वनीवर जे बोलणे होते ते ‘जेवलास का’, ‘अभ्यास झाला का’ इतक्यात आटोपते. तिने वाढदिवसाला पाठवलेले चार ओळींचे पत्र आईने वाचून दाखवावे लागते. मूल मराठी समजते, थोडेबहुत बोलतेही. पण त्याच्या मराठीत राग नाही, थट्टा नाही, वाद घालण्याचे सामर्थ्य नाही. ती खाण्यापिण्याची व झोपण्याउठण्याची भाषा होऊन राहते.

यावर सामान्यतः जे निदान केले जाते ते असे की, परभाषिक प्रांतात मराठीची गळचेपी होते. हे निदान चुकीचे आहे. बंगळूरमधील मराठी घराने मराठी गमावली ती कन्नडमुळे नव्हे. उलट असे दिसते की ज्या घरांनी कन्नड मनापासून स्वीकारली त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, आणि ज्यांनी कन्नडला उंबरठ्याबाहेर ठेवले त्यांच्या घरात इंग्रजीने दोन्ही जागा घेतल्या.

या शहराचा मराठीशी संबंध संगणकाच्या धंद्याबरोबर आलेला नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या स्वारीनंतर बंगळूर शहाजीराजांकडे आले आणि पुढील पाव शतक त्यांचे ठाणे येथे होते. हे घराणेही विभागलेलेच होते: जिजाबाई आणि शिवाजी पुण्यात, शहाजी, तुकाबाई आणि एकोजी कर्नाटकात. दोन मुलुखांत वाटल्या गेलेल्या मराठी कुटुंबाचे हे बंगळूरमधील पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल. शहाजीच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी अभ्यासकांनी त्याचा उपयोग मुख्यतः इतिहासाचे साधन म्हणून केला आणि त्यावर राजवाड्यांनी लिहिलेली विस्तृत प्रस्तावनाच मूळ ग्रंथापेक्षा अधिक वाचली गेली. वस्तुतः त्या ग्रंथातील लक्षणीय गोष्ट ही की संस्कृत चंपूच्या अखेरीस अनेक देशी भाषांतील रचना दरबारात एकामागून एक सादर होतात. बारा भाषा अवगत असल्याचा जयरामाचा दावा आहे. त्यात कवीची बढाई किती, हा प्रश्न सोडून दिला तरी, बंगळूरच्या मराठी दरबाराला बहुभाषिकत्व भूषणावह वाटत होते एवढे निश्चित.

शहाजीचा नातू, तंजावरचा शहाजीराजा (राज्यकाल १६८४ ते १७१२), याने तर ‘पंचभाषाविलास’ नावाचे नाटक रचले. त्यात निरनिराळ्या देशांच्या नायिका आपापल्या भाषेत बोलतात आणि मराठी ही त्यांतील एक आहे. बंगळूर १६८७ मध्ये चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे गेले व मराठी सत्ता येथून संपली. तंजावरची सत्ताही एकोणिसाव्या शतकात लयाला गेली. परंतु तंजावरी मराठी बोलणारी घरे सत्तेच्या पश्चात शतकाहून अधिक काळ, तमिळ व्यवहारात राहूनही, घरात मराठी बोलत राहिली. त्यांची मराठी पुण्याच्या कानाला विचित्र वाटते आणि पुणेकर तिला हसतो. ती जिवंत कशी राहिली, हा प्रश्न हसणाऱ्याला सहसा पडत नाही.

बंगळूरच्या जुन्या पेठांतील शिंपी व भावसार समाजाच्या घरांचीही कथा अशीच आहे. या घरांत विठ्ठल आहे, भजन आहे, आणि अभंग कन्नड लिपीत उतरवून घेऊन म्हणण्याची रीतही आहे. दुकानात कन्नड, गिऱ्हाईक पाहून तमिळ-तेलुगू, घरात मराठी. याच शहरात १९५० मध्ये एका मराठी घरात शिवाजीराव गायकवाड जन्मले. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, काही काळ बंगळूरच्या बसवर वाहकाची नोकरी, आणि पुढे रजनीकांत या नावाने तमिळ चित्रपटात कीर्ती. मराठी वृत्तपत्रांना त्यांच्या मराठीपणाचा अभिमान अधूनमधून आठवतो. ज्या घडणीतून ते आले ती घडण मात्र कोणाच्या अभ्यासाचा विषय झालेली नाही.

येथे भाषाशास्त्राची साक्ष काढणे उचित होईल. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाविषयी गंपर्झ आणि विल्सन यांचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्नड, मराठी, उर्दू आणि काही प्रमाणात तेलुगू बोलणारे लोक तेथे शतकानुशतके एकत्र राहिले. त्यांच्या वाक्यरचना एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावे. तरीही घराघरातील भाषा वेगळी राहिली, कारण प्रत्येक समाजाला घरात आपले वेगळेपण जपायचे होते आणि बाहेर शेजाऱ्याशी व्यवहार करायचा होता. हा निबंध भाषासंकराच्या संदर्भात जगभर उद्धृत होतो. पण बहुभाषिक शेजार घरच्या भाषेला मारत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ आपल्याकडे दुर्लक्षित राहिला.

अर्थात कुपवाडमध्ये इंग्रजी नव्हती, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. इंग्रजीचे स्थान वेगळे आहे. मैसूरमध्ये वाढलेल्या ए. के. रामानुजन यांनी आपल्या बालपणीच्या घराचे वर्णन केले आहे: माडीवर वडिलांच्या अभ्यासिकेत इंग्रजी, खाली माजघरात तमिळ, रस्त्यावर कन्नड. पुढे शिकागोत आयुष्य घालवूनही त्यांनी कन्नडमध्ये कविता लिहिली आणि तमिळ संगम काव्य इंग्रजीत आणले. त्या घरात इंग्रजीला माडी होती, परंतु जिना होता आणि खाली दार उघडे होते. आजच्या सदनिकेत माडी, माजघर आणि रस्ता या तिन्ही जागा एकाच भाषेने व्यापल्या आहेत.

धारवाडकडे पाहिले तर आणखी एक उदाहरण मिळते. नाटककार श्रीरंग म्हणजेच आद्य रंगाचार्य यांचे घर: वडील कन्नड, आई मराठी, आणि कन्या शशी देशपांडे यांनी आयुष्यभर इंग्रजीत लिहिले, त्या दीर्घकाळ बंगळूरमध्ये राहिल्या आहेत. वरवर पाहता हा इंग्रजीचा विजय वाटतो. पण याच लेखिकेने वडिलांचे कन्नड लेखन इंग्रजीत नेले आणि गौरी देशपांडे यांची मराठी कादंबरिकाही अनुवादित केली. दोन देशी भाषा कानावर पक्क्या बसल्यावर इंग्रजीत लिहिणे आणि दोहोंपैकी एकही नसताना इंग्रजीत लिहिणे या वेगळ्या गोष्टी आहेत. द. रा. बेंद्रे यांच्याविषयीही मराठीत एक हळहळ ऐकू येते की, घरात मराठी असलेला हा कवी कन्नडचा झाला. १९७३ चे ज्ञानपीठ कन्नडला मिळाले, मराठीला नाही, असा त्या हळहळीचा अर्थ. बेंद्रे यांनी मराठीतही लिहिले हे ती हळहळ विसरते, आणि तमिळ घरातील मास्ती वेंकटेश अय्यंगार कन्नडचे झाले याबद्दल तमिळांनी असाच शोक करावा काय, हेही विचारत नाही.

कायद्याच्या बाजूविषयी थोडक्यात सांगता येईल. घटनेच्या ३५०अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे असे म्हटले आहे. गोकाक अहवालानंतरचे १९८२ चे आंदोलन, प्राथमिक शाळेत मातृभाषा अथवा कन्नड हेच माध्यम ठेवण्याचा १९९४ चा आदेश, आणि २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, असा हा प्रवास आहे. त्या निर्णयाने माध्यमाची सक्ती अवैध ठरली, आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवायचे असेही स्पष्ट झाले. मातृभाषा ठरवण्याचा अधिकार मिळाला हे बरेच झाले. ती बोलण्याचा वेळ कोणत्याही न्यायालयाला देता येत नाही. २०२४ मध्ये मराठीला मिळालेला अभिजात दर्जाही बंगळूरमधील दहा वर्षांच्या मुलाच्या कामी कसा येणार, हे कळणे कठीण आहे.

मग या घराने करावे काय? हिंदी शिकल्याने देवनागरी येते व मराठी आपोआप वाचता येते, असे पालक मानतात. हा भ्रम आहे. हिंदीतून आलेला मुलगा ‘ळ’पाशी अडखळतो. जग म्हणजे विश्व आणि जग म्हणजे जगण्याची आज्ञा, चार ही संख्या आणि गाईला चार असे सांगणे, यांतील उच्चारभेद देवनागरी दाखवत नाही. तो कानानेच शिकावा लागतो. हा भेद कन्नडही शिकवणार नाही, हे मान्य. पण ‘ळ’ कन्नडमध्ये आहे. अण्णा, अक्का, अडकित्ता, तूप ही मराठी घरातील नित्याची नावे कन्नडच्या सोयरिकीतून आली आहेत. आणि खालच्या मजल्यावरची अज्जी आपल्या आजीसारखीच ओरडते, हे मुलाला कोणी समजावून द्यावे लागत नाही. कन्नड वाचणाऱ्या मुलाला आजीचे पत्र कन्नड लिपीत लिहून दिले तर ते त्याला स्वतः वाचता येईल. यावर मराठी पंडित नाक मुरडतील. परंतु मराठीचा व्यवहार कित्येक शतके मोडीत चालला व विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकवली गेली, हे ध्यानी घेता बाळबोध लिपीचा हा सोवळेपणा फार जुना नाही.

अभ्यासकांचा दोषही येथे नोंदवला पाहिजे. ‘महाराष्ट्राबाहेरील मराठी’ असे प्रकरण वाङ्मयेतिहासात असते तेव्हा त्यात संस्थांची नावे, संमेलनांची सूची आणि तंजावरचा गौरव यांपलीकडे काही नसते. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात सुमारे वीस लाख लोकांची मातृभाषा मराठी आहे. त्यांतील सीमाभागाविषयी राजकीय वाङ्मय विपुल आहे. बंगळूरच्या पेठांतील घरांविषयी जवळजवळ नाही. कन्नड लिपीतील भजनाच्या वह्या, दोन भाषांत छापलेल्या लग्नपत्रिका, मोडीतील जमाखर्च, नात्यागोत्याची पत्रे हे सारे अजून कोठे कोठे माळ्यावर आहे. जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि माळा रिकामा करताना हे कागद प्रथम रद्दीत जातात. एखाद्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने आणि कन्नड विभागाने मिळून एका पेठेतील घरे फिरावीत, वह्या उतरवून घ्याव्यात, वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, एवढ्याला मोठा निधी लागत नाही. मात्र त्यासाठी मराठी संशोधकाला कन्नड यावी लागेल.