उसन्या करंटवर गाडी किती दिवस?

पहाटे माल भरलेला टेम्पो सुरूच झाला नाही, तर बाजाराची वेळ हुकते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. म्हणून बॅटरी उतरल्यावर गाडी सुरू करून देणारा हातात मावणारा जंप स्टार्टर व्यापाऱ्याने जवळ ठेवावा, असे माझे मत आहे.

मात्र खोक्यावरच्या मोठ्या अँपिअरच्या आकड्याला भुलू नये. तो क्षणभराचा असतो. आपली गाडी १२ व्होल्टची की २४ ची, आणि डिझेल इंजिनाला तो पुरेल का, हे दुकानदाराला आधी विचारावे. चिमटे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच लावावेत आणि इंजिन सुरू होताच काढावेत. फुगलेल्या वा गळक्या बॅटरीला तो लावूच नये. उन्हात तापणाऱ्या केबिनमध्ये ठेवू नये. दोन-तीन महिन्यांनी चार्ज करावा, नाहीतर ऐनवेळी तोच रिकामा निघतो.

व्यापारी बंधूंनो, गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे. पुन्हा तीच तक्रार आली, तर बॅटरी व अल्टरनेटर दोन्ही तपासून घ्यावेत. एकदा उसने घेणे ही गरज. रोज उसने घेणे म्हणजे दिवाळे.