तमे केवा?

२०२४ च्या मे महिन्यात माझ्या भाच्याला बडोद्यात नोकरी लागली. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. निघण्यापूर्वी आठ दिवस तो मजकडे आला आणि म्हणाला, "मामा, तू संमेलनाला गेलेलास ना तिथे? कुठच्या भागात राहू सांग."

२०१८ च्या फेब्रुवारीत बडोद्याला भरलेल्या ९१ व्या साहित्य संमेलनाला मी गेलो होतो हे खरे. तीन दिवस एखाद्या शहरात काढले की आपण त्या शहराचे जाणकार होतो, तसा मीही झालो होतो. मग मी त्याला ऐटीत सांगितले. मराठी कानावर पडायला हवे असेल तर दांडिया बाजार, रावपुरा हा जुना भाग बघ. गायकवाडी अमलात मराठी माणूस तिथेच रुजला, पाय मोकळे करायला सूरसागर आहे, मात्र स्कूटर ठेवायला जागा शोधत फिरावे लागेल. अलकापुरी तुझ्या पगारात बसणार नाही. सयाजीगंज आणि फतेहगंज स्टेशन-विद्यापीठाच्या जवळ, तिथे विद्यार्थ्यांमुळे भाड्याच्या खोल्या मिळतात. कारखान्याजवळ हवे तर मांजलपूर.

भाच्याने यातले काहीच मनावर घेतले नाही. त्याच्या मोबाइलवर घरांच्या जाहिराती होत्या आणि प्रत्येकीत एकच मंत्र: तुमच्या जीवनशैलीला साजेसा परिसर निवडा! व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, क्लबहाउस. वाटले, बरे आहे, आजची मुले आपले आपण निवडतात.

बडोद्याहून त्याचा पहिला फोन आला तो हसत हसतच. पहिल्या घराच्या दलालाने भाडे सांगण्याआधी विचारले, मांसाहार करता का? भाचा गोंयकार, खोटे बोलला नाही. म्हणाला, मांस क्वचित, पण नुस्ते रोज लागते. व्यवहार तिथेच संपला. दुसऱ्या ठिकाणी मालकाने पाणी दिले, गोड बोलला आणि विचारले, "तमे केवा?" भाच्याला वाटले, कसे आहात असे विचारतायत. तो म्हणाला, "एकदम मजेत!" गुजरातीत या प्रश्नाचा अर्थ तुम्ही कोण, म्हणजे कुठच्या जातीचे, असा होतो हे त्याला नंतर कारखान्यातल्या सोबत्याने समजावले. मालकाने मग आडनाव विचारले. आता आमचे आडनाव नाईक. गोव्यात नाईक कोण असू शकतो ते तुम्हाला सांगायला नको. मालकाचे कोडे सुटले नाही आणि घर मिळाले नाही.

तर जीवनशैली म्हणजे हे! आपण परिसर निवडतो असे जाहिरातवाले सांगतात. प्रत्यक्षात परिसर आपल्याला निवडतो, आणि ताटात काय व आडनाव कोणते ते बघून निवडतो. जात विचारणे आता बरे दिसत नाही, म्हणून जीवनशैली विचारतात. ज्या राज्यात वेरावळसारखे मासळीचे मोठे बंदर आहे तिथे मासे खाणारा परका ठरतो. २०२१ च्या नोव्हेंबरात तर बडोद्याच्या पालिकेत रस्त्यावरच्या गाड्यांवरचे मांसाहारी पदार्थ दिसू नयेत असे झाका, असे तोंडी फर्मान निघाले होते. पुढे लोक काय खातात याच्याशी आम्हाला घेणे नाही, असे खुद्द मुख्यमंत्र्यांना सांगावे लागले.

आणि भाच्याला जे सोसावे लागले ते चिमटीएवढे. १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकर याच बडोद्यात घर शोधत होते. ज्या सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले, १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यांच्याच राजधानीत! सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज कचेऱ्यांत फिरत राहिला. पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढले. मग ते दोन स्नेह्यांकडे गेले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. हिंदू स्नेही म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती स्नेही म्हणाला, बायको येऊ दे, तिला विचारतो. मुंबईच्या गाडीला पाच तास अवकाश होता. ते तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत काढले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. मला त्या लाठीवाल्यांपेक्षा ते दोघे स्नेही अधिक छळतात. सुशिक्षित, सभ्य माणसे. त्यांनी नाही म्हटलेच नाही. फक्त नोकरांची आणि बायकोची जीवनशैली पुढे केली.

कायदा काय करतो? गुजरातेत १९९१ चा अशांत धारा आहे. दंगलीच्या धास्तीने कोणाला घर कवडीमोलाने विकावे लागू नये म्हणून केलेला. त्यात ठरलेल्या भागात घर विकायचे तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. आज त्याच्याच आधाराने 'त्यांना' आपल्या गल्लीत येऊ देऊ नका म्हणून अर्ज होतात. हरणी भागात सरकारी आवास योजनेच्या ४६२ घरांच्या वसाहतीत एका मुस्लीम महिलेला २०१७ साली घर मिळाले, तर तिला इथे नको म्हणून रहिवाशांनी केलेला विरोध २०२४ च्या जूनमध्ये वर्तमानपत्रांतून गाजला. त्यांची जीवनशैली वेगळी, हेच कारण! सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, सभासद आपल्याच समाजाचे ठेवण्याची उपविधी वैध ठरवली आहे.

एवढे चाळून घेतल्यावर जो परिसर उरतो तो तरी नीट निवडतात का? २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री शहरात शिरली. काठ आणि ओहोळ बुजवून बांधकामे झालेली, पाणी जाणार कुठे? रस्त्यांवर मगरी आल्या. २०१९ सालीही आल्या होत्या. पण शेजारी नुस्ते खातो का हे विचारणाऱ्या किती जणांनी घर घेताना बिल्डरला पूररेषा विचारली असेल? जाहिरातीत क्लबहाउसचे चित्र असते, नदीचे नसते.

असो. आपण गोंयकारांनी हसू नये. आमच्या गावागावांत वाडे आहेत आणि कित्येक वाड्यांचे नावच जात सांगते. कोण कुठे राहणार हे त्यात ठरूनच गेलेले. आणि जुन्याला तरी कशाला बोल लावू? तीन वर्षांपूर्वी माझ्या घरामागची खोली भाड्याने मागायला एक गवंडी बायको-मुलांसह आला होता. विजापूरकडचा. भाडे आगाऊ द्यायला तयार होता. मी म्हटले, शेजाऱ्यांना आवडणार नाही हो. शेजाऱ्यांना मी विचारलेदेखील नव्हते. घरात मात्र "घाटी नकोत" म्हणून सांगितले.

भाच्याला शेवटी फतेहगंजात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. घरमालकाने फक्त अनामत रक्कम आणि पगाराचा दाखला मागितला. पुराच्या दिवसांत वीज गेली होती तेव्हा त्या मालकिणीने दोन्ही वेळा जेवण वर पाठवले, असे त्याने चवथीला घरी आल्यावर सांगितले. मग हुमणाचा भात कालवता कालवता म्हणाला, "मामा, तुझ्या मागच्या खोलीचे काय झाले? अजून रिकामीच ना?"

मी त्याला आणखी एक तुकडा वाढला.